सुरक्षारक्षकाची पगारी रजा कोणाच्या खात्यातून? गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र

विषय : संस्थेच्या फाटकावर काम करणाऱ्या सुरक्षारक्षकांची साप्ताहिक सुट्टी, पगारी रजा व अन्य वैधानिक देणी

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेरचे हिशेब बंद झाले की बहुतेक संस्थांमध्ये सुरक्षाव्यवस्थेच्या कराराचा विषय निघतो. जुन्या एजन्सीची मुदत संपत आलेली असते, नव्या दोन-तीन एजन्सींची कोटेशने मागवलेली असतात आणि समितीच्या बैठकीत अर्ध्या तासात निर्णय होऊन जातो. त्या अर्ध्या तासाविषयीच मला आपणा सर्वांशी बोलायचे आहे. मी अनेक वर्षे एका कारखान्याच्या पगार विभागात काम केले. कामगारांची हजेरी, रजा, भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांचे हिशेब ठेवणे हेच माझे रोजचे काम होते. आता पुण्याच्या उपनगरातील आमच्या संस्थेच्या समितीवर मी खजिनदार म्हणून काम पाहतो. पगार देणाऱ्याची आणि बिल मंजूर करणाऱ्याची, अशी दोन्हीकडची कागदपत्रे नजरेखालून गेल्यामुळे माझी खात्री झाली आहे की आपल्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या माणसाला कायद्याने मिळणाऱ्या पगारी रजेचे पैसे आपल्या करारात कुठेच नसतात, आणि जे करारात नाही ते त्याच्या हातात कधीही पडत नाही.

समितीच्या टेबलावर येणारे कोटेशन कसे असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एजन्सीच्या लेटरहेडवर एक तक्ता असतो. त्यात ‘सुरक्षारक्षक, १२ तास, ३० दिवस’ असे लिहून पुढे दरमहाची एक ठोक रक्कम टाकलेली असते. त्याखाली सेवाशुल्क, जीएसटी आणि शेवटी ‘रिलीव्हरची जबाबदारी एजन्सीची’, म्हणजे बदलीचा रक्षक एजन्सीने द्यायचा, अशी एक ओळ. तीन कागद शेजारी ठेवून आपण सर्वांत कमी आकड्यावर खूण करतो. ‘३० दिवस’ या शब्दांवर मात्र कोणाची नजर थांबत नाही. महिन्याचे तीसही दिवस एकच माणूस कामावर येणार असेल, तर त्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे, सणाच्या सुट्ट्या कोणत्या, आणि आजारी पडल्यास त्याचा पगार कोण देणार, हे तिथेच विचारायला हवे. पण हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. रक्षक एक दिवस आला नाही की हजेरीपुस्तकात खाडा पडतो आणि त्या दिवसाचे पैसे कापले जातात. कारखान्यात ज्याला आम्ही रजा म्हणून नोंदवत होतो, ती फाटकावर थेट वजावट होते.

कायदा याबाबत मोघम नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय वर्षाला ८ पगारी सणसुट्ट्या आहेत, ज्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत. आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती तर आहेच. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने पगारी रजेसाठी लागणारी कामाच्या दिवसांची अट १८० दिवसांवर आणली आहे, आणि वर्षअखेरीस साठलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्कही कामगाराला दिला आहे. सुरक्षा एजन्सी ही व्यापारी आस्थापना आहे आणि फाटकावरचा रक्षक तिचा नोकर आहे. तेव्हा या तरतुदी त्याला लागू नाहीत, असे म्हणण्याला जागा उरत नाही.

आता याचा हिशेब मांडतो, कारण समितीत शेवटी हिशेबावरच बोलणे येते. एका फाटकावर चोवीस तास माणूस हवा असेल तर आठ तासांच्या तीन पाळ्या होतात, म्हणजे वर्षाला ३६५ गुणिले ३, एकूण १,०९५ पाळ्या. एका रक्षकाच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ किरकोळ रजा, ८ सणसुट्ट्या आणि दर २० दिवसांमागे १ याप्रमाणे साधारण १४ दिवसांची कमावलेली रजा वजा केली, तर तो प्रत्यक्ष २८३ दिवस उपलब्ध राहतो. १,०९५ ला २८३ ने भागले की ३.८७ येतात. म्हणजे कायद्याप्रमाणे चालवायचे तर एका फाटकाला जवळजवळ चार माणसे लागतात. आज बहुसंख्य संस्थांमध्ये हेच फाटक दोन माणसे सांभाळतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, आणि दोघांपैकी एक आला नाही तर दुसरा डबल ड्युटी करतो. चौघांचे काम दोघांकडून करून घेण्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. उरलेल्या दोघांचा पगार संस्थेचाही वाचतो आणि एजन्सीचाही, आणि तो निघतो काम करणाऱ्या दोघांच्या विश्रांतीतून.

बारा तासांची पाळी स्वस्त पडते, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. मीही तो आमच्या सभेत अनेकांच्या तोंडून ऐकला. सोयीसाठी आठ तासांची मजुरी ५०० रुपये धरू. हा केवळ उदाहरणासाठी घेतलेला आकडा आहे. प्रत्यक्षात किमान वेतन परिमंडळानुसार वेगळे असते आणि त्यातला विशेष भत्ता दर जानेवारीत व जुलैत बदलतो. तीन पाळ्यांत १,०९५ गुणिले ५००, म्हणजे वर्षाला ५,४७,५०० रुपये होतात. आता बारा तासांच्या दोन पाळ्या पाहा. आठ तासांवरचे चार तास हे जादा काम आहे आणि त्याला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. चार तासांचे दुप्पट दराने ५०० रुपये होतात. म्हणजे बारा तासांची एक पाळी १,००० रुपयांना पडते आणि वर्षाच्या ७३० पाळ्यांचे ७,३०,००० रुपये होतात. कायदा पाळला तर बारा तासांची पद्धत महाग आहे. ती स्वस्त वाटते याचे एकच कारण, ते म्हणजे जादा तासांची दुप्पट मजुरी कोणीच देत नाही. आठवड्याचे सातही दिवस बारा तास धरले तर ८४ तास होतात. कायद्याची मर्यादा ४८ तासांची आहे, म्हणजे ३६ तास दर आठवड्याला जादा काम होते. तीन महिन्यांत जादा कामाचे किती तास घेता येतील यावरही कायद्याने मर्यादा घातली आहे, आणि या हिशेबाने ती पहिल्या काही आठवड्यांतच ओलांडली जाते.

ज्या राज्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टी मिळवली, त्या राज्यात हे चालावे याचे मला मनापासून वाईट वाटते. मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, आणि तेव्हा आजच्यासारखे कायद्याचे पाठबळ कामगारांच्या मागे नव्हते.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याच फाटकावर घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण रजेचा पगार नसणे म्हणजे काय हे तिच्यामुळे मला कागदाबाहेर कळले. रात्रपाळीचा एक रक्षक, मराठवाड्यातून आलेला, बायको आणि दोन मुलांसह जवळच्याच वस्तीत भाड्याने राहणारा. त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे पडेपर्यंत तो कामावर येत राहिला, कारण प्रत्येक खाड्याला पैसे कापले जाणार हे त्याला ठाऊक होते. शेवटी त्याला उभेही राहता येईना, तेव्हा तो घरी थांबला. पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वजावट दर महिन्याला दाखवलेली होती. ती पावती घेऊन तो दवाखान्यात गेला, तेव्हा मागच्या काही महिन्यांचा भरणाच जमा नसल्याचे त्याला सांगण्यात आले. ईएसआयखाली आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. मात्र त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचा भरणा झालेला असावा लागतो. वजावट झाली, भरणा झाला नाही आणि लाभ हातचा गेला. मी एजन्सीकडे चलनाची प्रत मागितली. ती यायला बरेच दिवस लागले, म्हणून समितीने त्या महिन्याचे बिल रोखून धरले आणि मग भरणा झाला. बिल रोखण्याचा अधिकार आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. तो आपल्या प्रत्येक समितीकडे आहे.

‘हा एजन्सीचा आणि तिच्या माणसांचा प्रश्न आहे, आपण फक्त बिल भरतो,’ असे उत्तर मला सर्वाधिक वेळा मिळाले आहे. ते कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय या दोन्ही व्यवस्थांत ठेकेदारामार्फत नेमलेल्या माणसाच्या अंशदानाची अंतिम जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालते त्याच्यावर, टाकलेली आहे. वेतन संहितेनेही ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याच्याकडून मिळावे, हेच तत्त्व स्वीकारले आहे. यावर काही सुजाण सभासद असे म्हणतात की गृहनिर्माण संस्था हा उद्योगच नव्हे. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. सभासदांना वैयक्तिक सेवा पुरवणाऱ्या अशा संस्थेचे नोकर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सोम विहार प्रकरणात म्हटले आहे. परंतु तो प्रश्न संस्थेने थेट नेमलेल्या माणसांचा होता. एजन्सी नफ्यासाठी चालते, तिच्याकडे अनेक फाटकांवरची माणसे असतात, आणि आपण तिला सेवाशुल्क देतो ते कायदा पाळून सेवा देण्यासाठी. कायदा मोडूनच परवडेल असा दर आपण तिच्याशी ठरवला असेल, तर तो मोडण्यात आपलाही वाटा आहे. न्यायालयात ही बाजू कशी ठरेल याची वाट पाहत बसण्याचे समितीला काही कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खरा आहे. रक्षक स्वतःच बारा तास मागतात. आठ तासांची पाळी लावली तर ‘साहेब, एवढ्यात भागत नाही’ असे म्हणून ते दुसरी जागा शोधतात किंवा शेजारच्या इमारतीत दुसरी ड्युटी धरतात. मी त्यांच्याशी बोललो आहे, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. खोलीचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, मुलांच्या शाळेचा खर्च, या सगळ्याला आठ तासांचा पगार अपुरा पडतो. पण बारा तासांत त्यांना जे मिळते ते आठ तासांच्या रास्त मजुरीपेक्षा फारसे जास्त नसते, हे त्यांना कोणी समोर बसवून सांगत नाही. हाती पडणारी रक्कम तीच राहील अशा रीतीने बदल केला, तर कोणीही बारा तास उभे राहण्याचा आग्रह धरणार नाही. ज्या संस्थेला एकदम तीन पाळ्यांवर जाणे शक्य नसेल तिने निदान साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा यांपासून सुरुवात करावी आणि जादा तासांचे दुप्पट दराचे पैसे पावतीवर वेगळे दाखवावेत, असे माझे मत आहे. या गोष्टींना पुढच्या कराराची वाट पाहण्याचीही गरज नाही.

रात्री तीन वाजता सीसीटीव्हीत रक्षक डुलकी घेताना दिसला की संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचा फोटो येतो आणि एजन्सी त्याला दंड लावते. सलग कित्येक रात्री एकही सुट्टी न घेता बारा तास बसलेल्या माणसाला झोप येणारच. दंडाचेही नियम आहेत. तो आधी जाहीर केलेल्या कृत्यांसाठीच लावता येतो, त्यापूर्वी माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक रक्कम कापता येत नाही. समितीच्या तक्रारीवरून पाचशे-हजार रुपये परस्पर कापले जात असतील, तर ते थांबवण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्या समितीचीच आहे.

ग्रॅच्युइटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोठी रक्कम इथेच बुडते आणि तिची कोणाला जाणीवही नसते. आमच्या शेजारच्या एका संस्थेत एकच रक्षक दहा वर्षांहून अधिक काळ आहे. त्या काळात एजन्सी अनेकदा बदलली. बदलते फक्त गणवेशावरचे नाव आणि खिशावरचा बिल्ला. त्या संस्थेतली लहान मुले त्याच्या देखत शाळेतून कॉलेजात गेली, पण कागदोपत्री तो दर दीड-दोन वर्षांनी नवा नोकर असतो. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि एजन्सी बदलली की त्याची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते. महिन्याला १३,००० रुपये वेतन धरले तर प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, ७,५०० रुपये होते. दहा वर्षांचे ७५,००० रुपये. खेड्यातल्या घरावर पत्रे टाकायला किंवा मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला ही रक्कम मोठी असते. सामाजिक सुरक्षा संहितेने आता ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेवर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी देऊ केली आहे. त्यामुळे करारातच अशी अट घालता येईल की नेमणूक ठरावीक मुदतीची राहील, तिचे नियुक्तिपत्र रक्षकाला मिळेल, आणि करार संपताना ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचे पैसे हिशेबासह त्याच्या खात्यात जमा झाल्याशिवाय संस्था अखेरचे बिल चुकते करणार नाही. नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन चुकते करायचे बंधन वेतन संहितेत आहेच. एजन्सी बदलताना तोच माणूस नव्या एजन्सीत जाणार असेल, तर त्याचा जुन्या एजन्सीकडचा हिशेब आधी पूर्ण करून घेणे समितीच्या हातात असते. नव्या एजन्सीला जुनी कागदपत्रे पाहण्याची गरज वाटत नाही, पण आपल्याला वाटली पाहिजे.

दिवाळीत आपण घरोघरी रक्षकांना पोस्त देतो. ही चांगली प्रथा आहे आणि ती चालू राहावी. पण पोस्त म्हणजे बोनस नव्हे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, म्हणजे जवळपास एका महिन्याच्या वेतनाइतकी रक्कम. ती एजन्सीच्या बिलात दर महिन्याला समाविष्ट असेल तर दिवाळीपूर्वी रक्षकाच्या खात्यात ती दिसली पाहिजे. अनेक बिलांत ती धरलेली असते आणि रक्षकाला तिची माहितीही नसते.

एक पर्याय आपल्याकडे अनेक वर्षांपासून आहे आणि त्याची माहिती फार थोड्या समित्यांना असते. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या त्या व्यवस्थेत कामगार मंडळाकडे नोंदवला जातो, मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (जादा आकार) मंडळाकडे भरतो, आणि पगार, बोनस, रजा व भविष्य निर्वाह निधी हे सगळे मंडळ सांभाळते. त्याच धर्तीवर १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीचा कायदा झाला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासह राज्यात सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली. संस्थेला मुख्य मालक म्हणून मंडळाकडे नोंदणी करून तिथून रक्षक घेता येतात. ज्या एजन्सींना या कायद्यातून सूट मिळते त्यांना ती एका अटीवर मिळते : त्यांच्या रक्षकांना मिळणारे लाभ एकंदरीत मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी नसावेत. एजन्सी सूटपत्र दाखवते तेव्हा तिला मंडळाच्या दराचा तक्ता शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्हींची तुलना करा. मंडळाचा रक्षक महाग वाटतो याचे कारण त्याच्या दरात वर सांगितलेली सारी देणी धरलेली असतात. एजन्सीच्या सूटपत्राचा अर्थही तोच व्हायला हवा.

आता करारात नेमके काय असावे, याविषयी. कोटेशन ठोक रकमेत मागवू नये. मूळ वेतन, विशेष भत्ता, साप्ताहिक सुट्टीच्या बदलीचा खर्च, रजेचे वेतन, सणसुट्ट्या, पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, गणवेश, सेवाशुल्क आणि कर ही प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत मागावी, आणि रजेच्या वेतनाची ओळ ज्या कोटेशनमध्ये रिकामी असेल ते बाजूला ठेवावे. पीएफमध्ये मालकाचा वाटा १२ टक्के व त्यावरचा प्रशासकीय आणि विमा खर्च मिळून १३ टक्के होतो, ईएसआयचा ३.२५ टक्के. हे आकडे कमी दिसले तर कमी का, याचे लेखी उत्तर मागावे. दर महिन्याच्या बिलासोबत पगार बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा, पगारपावत्या आणि पीएफ व ईएसआयची चलने यावीत. चलन नुसते जोडलेले असून पुरत नाही. त्यासोबतच्या यादीत आपल्या फाटकावरच्या माणसांची नावे आणि क्रमांक आहेत का, आणि पावतीवरचे कामाचे दिवस आपल्या हजेरीपुस्तकातल्या दिवसांशी जुळतात का, हे खजिनदाराने पाहिलेच पाहिजे. तीस दिवस काम करून घ्यायचे आणि पावतीवर चोवीस-पंचवीस दिवस दाखवायचे, असा प्रकार मी स्वतः एका बिलात पाहिला आहे, आणि तो केवळ दोन कागद शेजारी ठेवल्यामुळे लक्षात आला. रजेचे पुस्तक फाटकावर ठेवले, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे जमा, वापरलेली आणि शिल्लक रजा लिहिली, तर रक्षकालाही आपला हक्क मागताना कागद हाती राहतो. महिला रक्षकांबाबत एवढेच सांगतो की त्यांना प्रसूती रजेचा लाभ मिळेल याची लेखी हमी करारात असावी, आणि फाटकाजवळ स्वच्छ, दार लागणारे स्वच्छतागृह नसेल तर ते आधी बांधावे.

सभासदांवर किती भार पडतो, हा प्रश्न सभेत हमखास येईल, म्हणून त्याचेही उत्तर देतो. वरच्याच उदाहरणात एका रक्षकाच्या ३० दिवसांच्या रजा व सणसुट्ट्या वर्षाला १५,००० रुपयांच्या होतात, म्हणजे महिन्याला १,२५०. शंभर सदनिकांच्या संस्थेत चार रक्षक असतील तर महिन्याला ५,०००, म्हणजे दर सदनिकेमागे ५० रुपये. त्यावर पीएफ, ईएसआय, सेवाशुल्क आणि जीएसटी धरला तरी तो आकडा ८० रुपयांच्या आत राहतो. बारा तासांवरून आठ तासांवर येण्याचा खर्च याहून बराच जास्त आहे, आणि लहान संस्थांना तो जाणवेल हे मी मान्य करतो. वीस-पंचवीस सदनिकांच्या इमारतींनी शेजारच्या दोन-तीन इमारतींसह एकत्र करार केला, तर बदलीचा रक्षक सर्वांमध्ये मिळून ठेवता येतो आणि सुट्टी देणे सोपे जाते. काही ठिकाणी रात्री दोन फाटकांऐवजी एकच उघडे ठेवूनही मार्ग निघेल. पण परवडत नाही म्हणून रजा द्यायची नाही, हा मार्ग कायद्याने कोणालाही दिलेला नाही.

संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. यंदाच्या विषयपत्रिकेत सुरक्षारक्षकांच्या रजा व वैधानिक देण्यांचा स्वतंत्र विषय घ्यावा, चालू करारातील रजेच्या तरतुदी सभासदांपुढे वाचून दाखवाव्यात आणि नव्या कराराचा मसुदा मंजुरीसाठी मांडावा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे. सभेपूर्वी समितीच्या एका सदस्याने फाटकावर जाऊन प्रत्येक रक्षकाला त्याची नेमणूक कोणत्या तारखेची आहे, पावती मिळते का, पीएफचा क्रमांक काय आणि या वर्षात त्याने किती दिवस पगारी रजा घेतली, एवढे विचारून लिहून आणावे. विचारताना एजन्सीचा पर्यवेक्षक शेजारी नसावा. ती उत्तरे लेखापरीक्षित हिशेबांसोबत सभेच्या टेबलावर असावीत.

आमच्या संस्थेने वापरलेला रजेच्या पुस्तकाचा नमुना आणि कोटेशनचा ओळवार तक्ता मागेल त्या समितीला मी विनामूल्य द्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार, पुणे
(पूर्वी कारखान्यातील पगार विभागात कार्यरत)